वनमानवांची वंशावळ

वंशावळ लिहून ठेवण्याची हौस मनुष्यजातीस फार पुरातन काळापासून आहे. राजघराण्यांच्या वंशावळी बखरींत सांपडतात. वतनाच्या तंट्यांत त्या पुराव्यादाखल पुढें येतात. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर सामान्य कुटुंबांच्याही कित्येक पिढ्यांचीं नांवें उतरलेलीं असतात. मनुष्याच्या खालोखाल हा मान शर्यतीच्या घोड्यांस मिळाला. परंतु गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ एक तिसरीच वंशावळ मोठ्या काळजीनें लिहिली जात आहे. ती आहे जगांतील प्राणिसंग्रहालयांत राहणाऱ्या ओरांगउटानांची. कोणता नर कोठें जन्मला, त्याची आई कोण, बाप कोण, तो कोणत्या सालीं कोणत्या गांवीं गेला व केव्हां मेला, हें सर्व तींत लिहिलेलें असतें. ज्या प्राण्यास आपण शंभर वर्षांपूर्वीं केवळ तमाशाची वस्तु समजत होतों, त्याच्या आजीपणजीचें नांव शोधण्यासाठीं आज विद्वान मंडळी जुनीं दप्तरें चाळतात, हा पालट कसा घडला, आणि तो सर्वस्वीं समाधानाचा आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या प्राण्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. 'ओरांग' म्हणजे माणूस व 'हुतान' म्हणजे अरण्य. या दोन मलायी शब्दांपासून त्याचें नांव झालें, व वनमानव हा त्याचा सरळ अर्थ होय. तांबूस केसांचा, लांब हातांचा, बहुतेक आयुष्य झाडांवरच काढणारा हा वानर पृथ्वीच्या पाठीवर बोर्निओ व सुमात्रा या दोनच बेटांवर आढळतो. त्याच्या तीन जाती आज मानतात. एक बोर्निओची, दुसरी सुमात्र्याची, आणि तिसरी सुमात्र्यांतीलच तापानुली प्रांताची. हिचें स्वतंत्र वर्णन २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. मादी सुमारें साडेआठ महिने गर्भ वागवते व बहुधा एकच पिल्लूं देते. तें पिल्लूं सहा-सात वर्षें आईच्या अंगाखांद्यावर व आसपास राहून कोणतें फळ खावें, घरटें कसें बांधावें, कोणत्या फांदीवर भार टाकावा हें शिकतें. त्यामुळें अरण्यांत दोन बाळंतपणांमध्यें सात ते नऊ वर्षांचें अंतर पडतें. पुढील सर्व इतिहासाची किल्ली या एका गोष्टींत आहे. जो प्राणी इतका सावकाश वाढतो, त्याच्यांतून एक मादी मारली तर ती जागा भरून येण्यास एक पिढी लागते.

युरोपीय लोकांस या प्राण्याचें जिवंत दर्शन झालें तें अठराव्या शतकांत. १७७६ सालीं बोर्निओहून आणलेली एक तरुण मादी हॉलंडांतील हेग येथें, राज्याधिकारी विल्यम पांचवा याच्या खासगी प्राणिसंग्रहांत दाखल झाली. तिला पाहण्यास लोकांची दाटी होई. परंतु ती कांहीं महिनेच जगली व १७७७ च्या आरंभीं मेली. त्याच काळांत पेत्रुस काम्पर नांवाच्या डच शरीरशास्त्रज्ञानें ओरांगउटानांचीं मृत शरीरें फाडून पाहिलीं, व या प्राण्याच्या कंठाची रचना अशी आहे कीं त्यास माणसासारखें बोलतांच येणार नाहीं, असा निबंध १७७९ सालीं प्रसिद्ध केला. त्या काळीं ओरांगउटानाचा उपयोग जिवंतपणीं अल्पकाळ करमणुकीस व मेल्यावर दीर्घकाळ विद्येस होत असे, असें म्हटल्यास तें कठोर खरें, पण खोटें नव्हे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८३७ च्या नोव्हेंबर महिन्यांत जेनी नांवाची मादी आली. थंडीपासून जपण्यासाठीं तिला जिराफांच्या ऊबदार घरांत ठेवलें होतें. १८३८ च्या मार्च महिन्यांत चार्लस डार्विन तिला पाहावयास गेला. रखवालदारानें सफरचंद दाखवून तें दिलें नाहीं, तेव्हां जेनी हट्टी मुलाप्रमाणें पाठीवर पडून हातपाय झाडूं लागली; रडें थांबविलेंस तर देईन, असें त्यानें म्हणतांच तिनें तें समजून स्वतःस आंवरलें व सफरचंद मिळविलें. ही हकीकत डार्विननें आपल्या बहिणीस पत्रानें कळविली. मनुष्याच्या पूर्वजांविषयीं पुढें त्यानें जें लिहिलें, त्याच्या मुळाशीं जे अनुभव होते त्यांत जेनीच्या या हट्टालाही जागा दिली पाहिजे. परंतु १८३९ सालीं जेनी मेली. तिच्या जागीं आलेल्या दुसऱ्या मादीसही जेनी हेंच नांव मिळालें. तिला १८४२ सालीं व्हिक्टोरिया राणीनें पाहिलें, आणि तिचें माणसासारखें वागणें पाहून आपणांस अस्वस्थ वाटल्याचें रोजनिशींत नमूद केलें. एक गेली कीं तेंच नांव देऊन दुसरी आणावयाची, ही त्या काळची रीत होती. वंशावळ लिहिण्याचा तेथें प्रश्नच नव्हता.

हीं पिल्लें हातीं कशीं लागत, हें जाणण्यास आल्फ्रेड रसेल वॉलेस याचें प्रवासवर्णन पुरेसें आहे. १८५५ सालीं सारावाकच्या अरण्यांत त्यानें एक मादी गोळी घालून मारली, तेव्हां तिचें जेमतेम फूटभर लांबीचें पिल्लूं चिखलांत पालथें पडलेलें त्यास सांपडलें. वॉलेस दुष्ट नव्हता. त्यानें तें पिल्लूं घरीं नेलें, दूध मिळेना म्हणून भाताची पेज पाजली, सोबतीस एक लहान माकड आणून दिलें. पिल्लास कशास तरी बिलगून राहावेंसें वाटतें हें पाहून त्यानें म्हशीच्या कातड्याची गुंडाळी करून एक कृत्रिम आईही बनविली. परंतु पिल्लूं ती चोखूं लागलें व केस घशांत जाऊन गुदमरूं लागलें, तेव्हां ती मोडून टाकावी लागली. तीन महिने पुरे होण्याच्या आंतच पिल्लूं दगावलें. या लहानशा हकीकतींत पुढील शंभर वर्षांच्या व्यापाराचें सार आहे. पिल्लूं हवें तर आई मारावी लागे, आणि आई मारल्यावर पिल्लूं क्वचितच जगे. प्रेक्षकांच्या दृष्टीस पडणाऱ्या एका ओरांगउटानामागें अरण्यांत व जहाजावर किती मेले, याचा जमाखर्च कोणीच ठेवला नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा व्यापार लहानसहान राहिला नाहीं. आगबोटी जलद झाल्या, हांबुर्गच्या हागेनबेकसारख्या व्यापाऱ्यांचें जाळें सर्व पृथ्वीवर पसरलें, आणि प्रत्येक मोठ्या शहरास आपलें प्राणिसंग्रहालय व त्यांत वनमानव असावा असें वाटूं लागलें. १९२७-२८ च्या सुमारास सुमात्र्यांतून ओरांगउटानांच्या मोठाल्या टोळ्याच्या टोळ्या पकडून युरोपांत व अमेरिकेंत पाठविण्यांत आल्या. या लुटीमुळें डच सरकारास जाग येऊन १९३१ च्या कायद्यानें त्या वसाहतींत ओरांगउटानास संरक्षण मिळालें. परंतु त्याच टोळ्यांमुळें एक नवी गोष्टही शक्य झाली. प्रौढ नर व माद्या प्रथमच पुरेशा संख्येनें एकत्र आल्या, आणि १९२८ सालीं बर्लिन व फिलाडेल्फिया येथें कैदेंत पिल्लें जन्मलीं. ड्रेस्डेन येथील संचालक गुस्टाव्ह ब्रांडेस यांनीं बुशी नांवाच्या नराची तान्हेपणापासून गालांवर गाद्या फुटेपर्यंतची वाढ डोळ्यांत तेल घालून पाहिली व १९३९ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. फिलाडेल्फियांत १९३१ सालीं आलेलें ग्वास व ग्वारिना हें जोडपें तर अनुक्रमें १९७७ व १९७६ पर्यंत जगलें. म्हणजे योग्य निगा राखली तर हा प्राणी कैदेंत पन्नास वर्षें काढूं शकतो, हें सिद्ध झालें.

तरीही हे जन्म म्हणजे दैवयोगच होते. माणसाचा पडसें-खोकला व क्षय यांपासून जपण्यासाठीं ओरांगउटानांस फरशीबंद, धुण्यास सोप्या, पुढून कांच लावलेल्या खोल्यांत ठेवूं लागले. रोग कमी झाले, पण चढावयास झाड नाहीं, करावयास उद्योग नाहीं, अशा स्थितींत तो मूळचाच संथ प्राणी लठ्ठ व उदास होऊं लागला. पिल्लूं जन्मलें तर आईस त्याचें काय करावें हें कळेना. कारण ती स्वतः लहानपणींच आईवेगळी झालेली. मग रखवालदार पिल्लूं काढून घेऊन बाटलीनें वाढवीत. आई रिकामी झाली कीं वर्षादोन वर्षांत पुन्हां गाभण राही, व जन्मांची संख्या फुगलेली दिसे. पण बाटलीवर वाढलेल्या त्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांसही आईपण येईना. संख्या वाढत होती आणि विद्या बुडत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नास नैतिक वळण मिळालें, आणि त्याचें बरेंचसें श्रेय बार्बारा हॅरिसन या बाईंकडे जातें. त्यांचे पति टॉम हॅरिसन हे सारावाक येथील वस्तुसंग्रहालयाचे अधिकारी. बेकायदा पकडलेलीं पोरकीं पिल्लें सरकारजमा होऊं लागलीं, तेव्हां १९५६ पासून या बाईंनीं तीं आपल्या घरीं वाढविण्यास आरंभ केला, व पुढें त्यांस पुन्हां झाडांची संवय लावण्याचा प्रयोग केला. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं हा सर्व अनुभव सांगून प्राणिसंग्रहालयांच्या मागणीमुळेंच चोरटा व्यापार फोफावतो, हें जगापुढें मांडलें. साबा प्रांतांत सेपिलोक येथें १९६४ सालीं पोरक्या पिल्लांसाठीं कायमचें केंद्र निघालें. त्याच दशकांत मोठ्या प्राणिसंग्रहालयांच्या संचालकांनीं चोरीचा ओरांगउटान विकत घ्यावयाचा नाहीं असें आपसांत ठरविलें. आणि दुर्मिळ जीवांच्या व्यापाराविषयींचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ सालीं होऊन १९७५ सालीं अंमलांत आला, तेव्हां अरण्यांतून माल आणण्याचा राजमार्ग बंद झाला. आडवाटा अर्थातच राहिल्या. १९९० च्या फेब्रुवारींत बँकॉकच्या विमानतळावर पक्ष्यांच्या म्हणून पाठविलेल्या पेट्यांतून सहा तान्हीं ओरांगउटान पिल्लें निघालीं, व त्यांतलीं कांहीं पुढें वांचलीं नाहींत.

राजमार्ग बंद झाल्यावर प्राणिसंग्रहालयांपुढें सरळ हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. जेवढे ओरांगउटान आज आहेत, तेवढ्याच भांडवलावर पुढील शंभर वर्षें काढावयाचीं आहेत. येथें वंशावळीची वही कामास आली. या पद्धतीचा पायंडा युरोपांतील रानगव्यांनीं घालून दिला होता. पहिल्या महायुद्धांत व नंतर अरण्यांतले ते सर्व मारले गेले, तेव्हां उरलेल्या थोड्या बंदिस्त जनावरांसाठीं १९२३ सालीं एक मंडळ निघालें, व त्यांची वंशावळ १९३२ सालीं छापली गेली. ओरांगउटानांच्या बाबतींत अमेरिकेंतील मार्विन जोन्स या चिकाटीच्या गृहस्थानें गांवोगांवच्या नोंदी जमवून असें पुस्तक तयार केलें. एकेका मादीचीं तीन-तीन नांवें, मेलेल्याचें नांव नव्यास दिलेलें, बापाचा पत्ता नाहीं, असल्या गोंधळांतून ही वंशावळ उभी करणें हें इतिहाससंशोधकाचेंच काम होतें. आमच्याकडील दप्तरांत बसून ज्यांनीं घराण्यांचे धागे जुळविले आहेत, त्यांस त्या कष्टांची कल्पना येईल.

वही तयार झाली, पण तिचें महत्त्व सर्वांस पटण्यास एक धक्का लागला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयांतील कॅथरीन रॉल्स व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ सालीं हरिणादि खुरांच्या प्राण्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. सोळांपैकीं पंधरा जातींत, जवळच्या नात्यांतील संबंधापासून झालेलीं पिल्लें इतरांहून अधिक मरतात, असें त्यांस आढळलें. सगोत्र विवाहाचा निषेध आमच्या समाजांत ज्या कारणानें असेल त्या कारणानें असो. जनावरांच्या बाबतींत तो निषेध न पाळल्याचें फळ आंकड्यांनीं समोर आलें. १९८१ सालीं अमेरिकेंत व १९८५ सालीं युरोपांत दुर्मिळ प्राण्यांची वीण संगनमतानें चालविण्याच्या योजना सुरू झाल्या, व ओरांगउटान त्यांत लवकरच समाविष्ट झाला. नर कोणाच्याही मालकीचा असो, त्याची सोयरीक कोणाशीं व्हावी हें आतां संयोजकाच्या सल्ल्यानें ठरूं लागलें.

ही सोयरीक ठरविण्याची रीत वाचकांस मनोरंजक वाटेल. अरण्यांतून आलेल्या व ज्यांची संतति चालू आहे अशा प्राण्यांस मूळपुरुष व मूळस्त्रिया समजतात. बाप आपल्या गुणांचा निम्मा वांटा लेंकरास देतो, नातवाकडे पाव जातो, पणतवाकडे अष्टमांश. एखाद्या मूळपुरुषाचें एकच लेंकरूं असेल तर त्याचा निम्मा ठेवा कायमचा गेला. दहा असतील तर बहुतेक सर्व राहिला. म्हणून प्रत्येक जिवंत प्राण्याचें इतर सर्वांशीं सरासरी नातें किती, याचें गणित मांडतात. ज्याचे नातेवाईक थोडे तो मोलाचा. त्यास जोडीदार प्रथम मिळतो. ज्याचे भाऊबंद गांवोगांव पसरले आहेत, तो कितीही देखणा, सशक्त व लोकप्रिय असला तरी त्यास थांबविण्यांत येतें. शंभर वर्षांनींही मूळच्या विविधतेपैकीं शेंकडा ९० शिल्लक असावी, असें ध्येय अशा योजनांपुढें सामान्यतः असतें. यासाठीं माद्यांस संततिनियमनाच्या गोळ्या, आपल्या स्त्रिया घेतात त्याच, देण्यांत येतात. ज्या संस्थांनीं शंभर वर्षें एका जन्मासाठीं नवस केले, त्यांचें आजचें मुख्य कसब जन्म न होऊं देण्यांत आहे!

या वहीनें एक कठीण प्रश्नही उकरून काढला. बोर्निओचा व सुमात्र्याचा ओरांगउटान यांत दिसण्यापलीकडे फारसा भेद नाहीं अशा समजुतीनें दोहोंची वीण पुष्कळ ठिकाणीं सरमिसळ होऊन गेली होती. १९७० नंतरच्या दशकांत गुणसूत्रांची तपासणी झाली, तेव्हां दुसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा एकांत सुलट तर दुसऱ्यांत उलट आहे, असें दिसून आलें. आणि पुढें या दोन स्वतंत्र जातीच ठरल्या. तेव्हां संकरापासून झालेल्यांचें काय करावयाचें? १९८५ च्या सुमारास अमेरिकन प्राणिसंग्रहालयांनीं संकरज ओरांगउटानांची वीण थांबविली. त्यांस कोणी मारलें नाहीं कीं हांकलून दिलें नाहीं. परंतु वंशवृक्षावर त्यांची फांदी तेथेंच संपली. १९७७ सालीं जन्मलेला चांटेक हा असाच एक. मानववंशशास्त्रज्ञ लिन माइल्स यांनीं त्यास मुक्यांची खुणांची भाषा शिकविली. तो दीडशेंच्या आसपास खुणा वापरी. २०१७ सालीं अॅटलांटा येथें तो मेला. बुद्धीनें तो आपल्या जातींत अग्रगण्य; वहीच्या दृष्टीनें मात्र त्याची किंमत शून्य. हा दोष वहीचा नाहीं, पूर्वींच्या अज्ञानाचा आहे, हें आम्हांस मान्य आहे. तरी दोष माणसाचा व त्याचें प्रायश्चित्त मुक्या प्राण्यास, हा न्याय मनास बोंचल्याशिवाय राहत नाहीं.

वंशाच्या शुद्धतेपलीकडे जाऊन प्राण्याच्या सुखाचा विचारही याच काळांत वाढला, हें मात्र सांगितलें पाहिजे. आतां पिल्लूं शक्य तोंवर आईजवळच ठेवतात, व पुढील बाळंतपण वर्षानुवर्षें लांबवितात. अननुभवी मादीस दुसरी मादी पिल्लूं वाढवीत असतां पाहूं देतात. पोरकें पिल्लूं असेल तर रखवालदार केसाळ बंडी घालून रात्रंदिवस त्यास अंगावर वागवितो, आणि नंतर एखाद्या वडीलधाऱ्या मादीच्या ओटींत घालतो. वॉलेसची म्हशीच्या कातड्याची आई अखेर अशी सुधारली! पिंजराही बदलला. वॉशिंग्टन येथें १९९५ सालीं सुमारें पन्नास फूट उंचीच्या मनोऱ्यांवरून तारा ताणून, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून ओरांगउटानांस एका घरांतून दुसऱ्या घरांत जाण्याची सोय केली. अशा प्राण्यास उद्योग हवा, हें खरें तर ओमाहा येथील फू मांचू नांवाच्या नरानें १९६८ सालींच शिकविलें होतें. त्यानें तारेचा तुकडा ओठांत लपवून ठेवून त्यानें कुलूप उघडण्याचा क्रम आरंभिला होता, व त्याच्या रखवालदारांस बरेच दिवस या पळण्याचें कोडें उलगडलें नव्हतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. ओरांगउटान हिंदुस्थानचा रहिवासी नव्हे, तरी आपल्या प्राणिसंग्रहालयांत तो येऊन गेला आहे, आणि त्याची एक कथा महाराष्ट्राशीं निगडित आहे. पुण्यास कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयांत बिन्नी नांवाची मादी होती. २००३ च्या नोव्हेंबरांत तिला ओरिसांतील नंदनकानन येथें पाठविण्यांत आलें. तेथें ती आणखी पंधरा वर्षें जगली. देशांतील एकमेव ओरांगउटान म्हणून वर्तमानपत्रें तिचा उल्लेख करीत. २०१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस सुमारें ४१ वर्षांची होऊन ती मेली. तिच्या रखवालदारांनीं तिची मायेनें निगा राखली, उन्हाळ्यांत थंडाव्याची व हिवाळ्यांत ऊबेची व्यवस्था केली, याबद्दल शंका नाहीं. पण जोडीदार मिळाला नाहीं, पिल्लूं झालें नाहीं, आणि आपल्या जातीचें दुसरें तोंड तिला त्या वर्षांत दिसलें नाहीं. योजनाबद्ध विणीचें महत्त्व ज्यांस पटत नसेल त्यांनीं बिन्नीचें आयुष्य आठवावें. ओरांगउटान एकलकोंडा असतो, म्हणून एकटा ठेवला तरी चालतो, असें म्हणणाऱ्यांस आमचें उत्तर असें कीं, अरण्यांतील एकांत हा दूरवरून शेजाऱ्याची हांक ऐकूं येणारा एकांत असतो. एका पिंजऱ्यांतील एकटेपणाशीं त्याची तुलना होत नाहीं.

याच्या उलट टोंकाचें चरित्र ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथील पुआन या मादीचें. सुमारें १९५६ मधली ही सुमात्री मादी १९६८ सालीं जोहोरच्या सुलतानाकडून पर्थला आली. तिला अकरा पिल्लें झालीं, आणि २०१८ च्या जून महिन्यांत बासष्टाव्या वर्षीं ती मेली तेव्हां तिचा एकूण वंशविस्तार ५४ जणांचा होता. जगांतील प्राणिसंग्रहालयांत असलेल्या सुमात्री ओरांगउटानांपैकीं जवळजवळ दहावा हिस्सा तिचाच, असें त्या संस्थेनें सांगितलें. तिची मुलगी तेमारा २००६ सालीं सुमात्र्यांतील बुकित तिगापुलु येथील अरण्यांत सोडण्यांत आली. प्राणिसंग्रहालयांत जन्मून अरण्यांत परत गेलेला हा पहिला ओरांगउटान. पन्नासांवर संतति हें कौतुकाचें खरें. पण वहीच्या हिशेबीं एकाच मूळस्त्रीचा वांटा इतका मोठा होणें हीच काळजीची गोष्ट. आणि एका तेमारासाठीं किती वर्षांची तयारी, किती खर्च, किती माणसांचे श्रम लागले हें पाहिलें म्हणजे, प्राणिसंग्रहालयें अरण्यें पुन्हां भरून काढतील ही आशा किती दुबळी आहे, तें ध्यानांत येतें. अरण्यांत परत जाणारे बहुतेक ओरांगउटान हे सेपिलोकसारख्या केंद्रांतले पोरके जीवच होत.

मग या वहीचा उपयोग काय? कित्येक विचारवंत म्हणतात कीं, हा सारा खटाटोप पिंजऱ्यास प्रतिष्ठा देण्याचा आहे. एवढा पैसा अरण्यांच्या रक्षणास द्यावा. हें म्हणणें सहज झुगारून देण्याजोगें नाहीं. २०१६-१७ च्या सुमाराच्या अंदाजाप्रमाणें बोर्निओच्या जातीचे सुमारें एक लाख, सुमात्र्याच्या जातीचे सुमारें चौदा हजार, व तापानुलीचे आठशेंहूनही कमी ओरांगउटान उरले आहेत, व तिन्ही जाती नष्ट होण्याच्या अगदीं उंबरठ्यावर असलेल्या वर्गांत घातल्या आहेत. अरण्यें तोडून तेथें पामतेलाचे मळे लावले जातात, व मळ्यांत शिरलेल्या मादीस मारून तिचें पिल्लूं विकतात. वंशावळीची वही त्या कुऱ्हाडीस अडवूं शकत नाहीं.

परंतु आमच्या मतें हा प्रश्न कृपेचा नसून ऋणाचा आहे. आज प्राणिसंग्रहालयांत असलेले ओरांगउटान बहुतांशीं तेथेंच जन्मलेले. त्यांस पाठवावयास अरण्य नाहीं, व असलें तरी त्यांतील बहुतेकांस तेथें जगण्याची विद्या नाहीं. ज्यांच्या आज्यांस आपण गोळ्या घालून आणलें, त्या नातवंडांचें आयुष्य शक्य तितकें निरोगी, उद्योगयुक्त व स्वकीयांच्या सहवासांत जावें, ही जबाबदारी ज्यांनीं त्यांस आणलें त्यांच्यावरच येते, आणि ती पार पाडण्यास वही अपरिहार्य आहे. दुसरें असें कीं, तापानुलीसारखी जात आपल्या डोळ्यांदेखत नाहींशी होऊं शकते, अशा काळांत या प्राण्याचे रोग, आहार, वीण व संगोपन यांविषयीं दोनशें वर्षांत मोठ्या किंमतीनें मिळविलेलें ज्ञान जिवंत ठेवणें शहाणपणाचें आहे. मात्र हें ऋण फेडतांना दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. ज्याचें नांव वंशवृक्षावर पुढें जाणार नाहीं, त्या चांटेकाची वा बिन्नीची निगा ही मोलाच्या मूळपुरुषाइतकीच झाली पाहिजे. आणि जी संस्था ओरांगउटान दाखवून द्रव्य मिळविते, तिनें त्या द्रव्याचा ठसठशीत भाग बोर्निओ-सुमात्र्याच्या अरण्यांकडे वळविला पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं अनेक कुटुंबें हल्लीं सुट्टींत सिंगापूरला जातात, व तेथील प्राणिसंग्रहालय पाहिल्यावांचून परत येत नाहींत. १९७३ सालीं उघडलेल्या त्या संस्थेची कीर्ति अह मेंग नांवाच्या मादीनें वाढविली. तीही आरंभीं एका घरांत बेकायदा पाळलेली, व तेथून १९७१ सालीं ताब्यांत घेतलेली; २००८ सालीं ती मेली. तिच्या वारसांसमोर उभे राहिल्यावर छायाचित्र अवश्य घ्यावें; पण बरोबरच्या मुलांस एवढें विचारण्यास सांगावें, कीं हा कोठें जन्मला, याची आई कोण, आणि तिची आई कोठून आली. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें तेथील मंडळी आनंदानें देतील, कारण तीं वहींत आहेत. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा एखाद्या अरण्यापाशीं जाऊन थांबेल, आणि तें अरण्य आज आहे कीं नाहीं, हें मुलांनीं घरीं येऊन नकाशांत शोधावें.